जलराशी आणि डायटम : प्रकल्प नोंदी

३ जून

प्रश्न आधी लिहून ठेवतो, म्हणजे पुढे भरकटलो तर परत यायला जागा राहील. समुद्रात कुठे कोणता डायटम (काचेच्या कवचाचा, उजेडावर वाढणारा सूक्ष्म एकपेशीय जीव) भेटेल हे नुसत्या तापमानावरून बऱ्यापैकी सांगता येतं. हे जुनं आहे, ते पुन्हा सिद्ध करण्यात वेळ घालवायचा नाही. पाणी कोणत्या जलराशीचं आहे हे कळल्यावर तापमानापलीकडे काही जास्तीचं हाती लागतं का, एवढंच बघायचं.

जलराशी म्हणजे एखाद्या ठराविक भागात, पृष्ठभागावर असताना, हवा-पाऊस-बर्फ-बाष्पीभवन यांच्याकडून तापमान आणि क्षारता घेतलेलं आणि मग खाली जाऊन ती ओळख बरोबर घेऊन फिरणारं पाणी. हेलांड-हान्सेन या नॉर्वेजियन शास्त्रज्ञानं १९१६ मध्ये तापमान एका अक्षावर आणि क्षारता दुसऱ्या अक्षावर मांडून दाखवली, तेव्हापासून हा आलेख समुद्रशास्त्राची बाराखडी आहे. नदीचं मूळ आणि ऋषीचं कूळ विचारू नये म्हणतात. आम्हाला नेमकं पाण्याचं कूळच विचारायचंय.

शंका येण्याचं कारण असं. उत्तर अटलांटिक आणि उत्तर पॅसिफिक, दोन्हीकडे ५० अंश अक्षांशाच्या आसपास, वर्षाच्या कुठल्या ना कुठल्या महिन्यात सारख्या तापमानाचं पाणी सापडतं. पण अटलांटिकमध्ये वसंतात डायटमची जोरदार वाढ होते, सिलिकेट (कवचाची काच बनवायला लागणारं पोषकद्रव्य) संपतं आणि उरलेल्या नायट्रेटवर दुसरे, बिनकाचेचे जीव वाढतात. १९८९ साली तिथे झालेल्या मोठ्या आंतरराष्ट्रीय मोहिमेत हा क्रम नीट नोंदला गेला. पॅसिफिकमध्ये स्टेशन पापाजवळ (५० अंश उत्तर, १४५ अंश पश्चिम) मात्र नायट्रेट आणि सिलिकेट दोन्ही एरवी शिल्लक पडून असतात. तापमान सारखं असूनही वागणं वेगळं.

५ जून

डेटा गोळा केला. तापमान, क्षारता, पोषकद्रव्यांसाठी वर्ल्ड ओशन अ‍ॅटलस, एक अंशाच्या जाळीवर. डायटमसाठी मॅरेडॅट या खुल्या संकलनातला डायटमचा भाग, त्यात वेगवेगळ्या मोहिमांतल्या सूक्ष्मदर्शकाखाली मोजलेल्या नोंदी आहेत. शिवाय गाळाच्या वरच्या थरातल्या कवचांच्या मोजण्या.

दोन गोष्टी आत्ताच नोंदवतो. पहिली: मोजणाऱ्याला जे दिसलं तेच मोजलं गेलं. पाच मायक्रोमीटरच्या आतले डायटम साध्या सूक्ष्मदर्शकाखाली निसटतात, त्यामुळे आपला नकाशा मोठ्या, जाड कवचाच्या मंडळींकडे झुकलेला राहणार. दुसरी: एक अंश म्हणजे उत्तर-दक्षिण १११ किलोमीटर, आणि महासागरातले काही फ्रंट (दोन वेगळ्या पाण्यांमधल्या सीमा) त्याहून कितीतरी अरुंद. जाळीवर आले की ते पुसट होतात. मॅडम म्हणाल्या, "फ्रंटवर जे नमुने पडतात त्यांना वेगळा रंग दे, काढून टाकू नकोस. गंमत तिथेच असते."

९ जून

आज दिवसभर एकच अडचण. जलराशीची व्याख्या जिथे धड चालते तिथे डायटम जगत नाहीत, आणि डायटम जगतात तिथे ती धड चालत नाही.

डायटमना उजेड लागतो, म्हणजे ते वरच्या मिश्रथरात, वारा-लाटांनी घुसळून एकजीव झालेल्या थरात. आणि मिश्रथरात तापमान रोज बदलतं; ऊन, वारा, पाऊस, बर्फ वितळणं, सगळं तिथेच घडतं. तापमान-क्षारतेची ओळख टिकून राहते ती पाणी हवेपासून तुटल्यावर. उत्तर अटलांटिकचं खोल पाणी साधारण २ ते ४ अंश आणि ३४.९ च्या आसपास, अंटार्क्टिकचं तळाचं पाणी शून्याखाली आणि ३४.६५ ते ३४.७, मध्यम खोलीचं अंटार्क्टिक पाणी त्याच्या कमी क्षारतेवरून (३४.२ ते ३४.४) ओळखू येणारं. हे सगळे शेकडो-हजारो मीटर खाली. फेब्रुवारीत पृष्ठभागावर घेतलेल्या बादलीभर पाण्याला यातलं कुठलं नाव द्यायचं?

दक्षिण महासागरवाल्यांनी ही अडचण पूर्वीच सोडवली आहे. पोलर फ्रंट कुठे, हे ते पृष्ठभागावर शोधत नाहीत. २०० मीटरच्या आसपास हिवाळ्यातल्या थंड पाण्याचा एक पापुद्रा उन्हाळाभर तग धरून असतो. दोन अंशांपेक्षा थंड असा हा पापुद्रा उत्तरेला जिथे संपतो, तो पोलर फ्रंट. म्हणजे नाव द्यायचं ते वरच्या पाण्याखाली हिवाळ्याचं कोणतं पाणी दडलंय त्यावरून. आम्हीही तेच करणार: प्रत्येक नमुन्याखाली, हिवाळ्यातला मिश्रथर जेवढा खोल जातो त्या खोलीवरच्या पाण्याला नाव. डायटमचं वर्षभराचं अन्न तिथूनच वर येतं.

१२ जून

डेटा सांभाळणाऱ्या सहकाऱ्याबरोबर वाद. चांगला वाद.

त्याचं म्हणणं, प्रत्येक ठिकाणी एकच नाव देण्याऐवजी मिश्रण काढू: इतके टक्के हे पाणी, इतके टक्के ते. त्यासाठी बहुघटकी पद्धत आहेच, टॉमझाक यांनी १९८१ मध्ये मांडलेली. तापमान, क्षारता, प्राणवायू, नायट्रेट, फॉस्फेट, सिलिकेट, सगळं एकत्र घालून समीकरणं सोडवायची आणि टक्केवारी काढायची. कल्पना पटली. पण यादीतलं सिलिकेट खटकलं.

डायटमच्या कवचाला सिलिकेट लागतं. ते पाण्यातलं सिलिकेट उपसतात. म्हणजे पाण्याची ओळख सिलिकेटवरून ठरवायची आणि मग तीच ओळख वापरून डायटम कुठे आहेत हे "समजावून" सांगायचं? हे गोल गोल फिरणं झालं. आकडे छान जुळतील आणि त्यातून काहीच कळणार नाही.

ठरलं: ओळख ठरवताना फक्त तापमान, क्षारता आणि प्राणवायू. सिलिकेट आणि नायट्रेट बाजूला ठेवायचे आणि नंतर, नाव देऊन झाल्यावर, त्या नावाखाली किती सापडतात ते पाहायचे. अनोळखी घटक सोडवायला समीकरणं कमी पडतात, म्हणून एका वेळी तीनपेक्षा जास्त जलराशी मिश्रणात घ्यायच्या नाहीत. सहकाऱ्याचा चेहरा पडला, कारण त्याचा कोड सुंदर होता.

१८ जून

दक्षिण महासागराचा छेद लावला, बर्फाच्या कडेपासून उपोष्ण कटिबंधापर्यंत. आजची नोंद लांबणार.

दक्षिणेकडून सुरुवात. पोलर फ्रंटच्या दक्षिणेला खोलातलं सर्कम्पोलर, म्हणजे अंटार्क्टिकाभोवती फिरणारं, पाणी वर येतं. ते जुनं पाणी आहे, वाटेत वरून पडणारी कवचं त्यात विरघळत आली आहेत, त्यामुळे सिलिकेटनं गच्च भरलेलं. हिवाळ्याअखेर पृष्ठभागावर किलोमागे ४० ते ८० मायक्रोमोल सिलिकेट असतं, नायट्रेट २५ ते ३०. पश्चिमी वारे हे पाणी उत्तरेला ढकलतात. वाटेत डायटम सिलिकेट उपसत जातात.

आता मुद्दा असा की ते दोन्ही गोष्टी सारख्या प्रमाणात उपसत नाहीत. पोटभर लोह मिळालेला डायटम सिलिकेट आणि नायट्रेट साधारण एकास एक घेतो. लोहाची उपासमार झालेला डायटम प्रत्येक नायट्रेटमागे दुप्पट-तिप्पट सिलिकेट घेतो. १९९८ मध्ये दोन वेगवेगळ्या गटांनी हे दाखवलं. दक्षिण महासागरात लोहाचा दुष्काळ कायमचा. म्हणून पाणी उत्तरेला सरकतं तसं सिलिकेट आधी संपतं आणि नायट्रेट मागे राहतं. सबअंटार्क्टिक फ्रंटपर्यंत (पोलर फ्रंटच्या उत्तरेची पुढची सीमा) पोचेस्तोवर उन्हाळ्यात सिलिकेट पाचाच्याही खाली, नायट्रेट मात्र अजून भरपूर.

हेच पाणी सबअंटार्क्टिक पट्ट्यात हिवाळ्यात कित्येकशे मीटर खोल घुसळून निघतं, त्याची मोड वॉटर जलराशी होते, आणि ती विषुववृत्ताकडे, तिन्ही महासागरांच्या थर्मोक्लाइनखाली (खोलीबरोबर तापमान झपाट्यानं उतरतं त्या थराखाली) पसरत जाते. सिलिकेटमधून नायट्रेट वजा केलं की या पाण्यात उत्तर उणे १० ते उणे १५ येतं. २००४ मध्ये सार्मिएंटो आणि सहकाऱ्यांनी हीच वजाबाकी खूण म्हणून वापरून दाखवलं की ३० अंश दक्षिणेच्या उत्तरेकडे जगभर जे उत्पादन होतं, त्यातल्या सुमारे तीन चतुर्थांशाला पोषकद्रव्यं या एका जलराशीमार्फत मिळतात. म्हणजे उष्ण कटिबंधातल्या डायटमला सिलिकेट किती मिळणार, हे अंटार्क्टिकजवळच्या डायटमनं आधीच ठरवून टाकलेलं असतं.

१२ तारखेचा वाद इथे दुसऱ्या रूपात परत आला. जलराशी डायटमचं वाटप ठरवते हे आपण तपासायला निघालो, आणि या जलराशीची रासायनिक ओळखच डायटमनं घडवलेली निघाली. बाण दोन्ही दिशांना आहे. अहवालात "परिणाम" हा शब्द जपून वापरायचा.

१९ जून

रात्रभर गणित चालवलं. वीज गेली नाही. बाकी काही नाही.

२४ जून

आकड्यांचा कंटाळा आला म्हणून स्लाइड काढली. पोलर फ्रंटच्या पट्ट्यातला गाळ, हजारपट भिंग, तेल लावून.

दिसतं ते जवळजवळ एकाच जातीचं राज्य: फ्रॅजिलॅरिऑप्सिस कर्गुलेन्सिस. लांबट अंडाकृती कवच, आडव्या जाड फासळ्या, दोन फासळ्यांच्या मधे मोठ्या छिद्रांच्या दोन रांगा. फोकस किंचित खालीवर केला की फासळ्या आधी काळ्या, मग लख्ख पांढऱ्या होतात. कडेला एखादं तुटकं किटोसेरॉस, एखाद्या थॅलॅसिओसिराची चकती. या जातीचं कवच दर चौरस मीटरला शेकडो टनांचा दाब सोसतं, हे २००३ मध्ये प्रत्यक्ष दाबून मोजलं गेलं आहे. कोपेपॉडच्या (डायटम खाणाऱ्या इवल्या कवचधारी प्राण्याच्या) जबड्याला दाद न देणारं हे चिलखत सिलिकेटच्या श्रीमंतीतच परवडतं. फ्रंटच्या उत्तरेला हा माणूस, म्हणजे हा डायटम, विरळ होत जातो आणि अझपेशिया टॅब्युलॅरिस, थॅलॅसिओनेमा अशी मंडळी वाढत जातात. दक्षिणेला, बर्फाच्या कडेला, छोटे फ्रॅजिलॅरिऑप्सिस कर्टा आणि सिलिंड्रस.

सिलिंड्रस आर्क्टिकमध्येही आहे, कर्गुलेन्सिस नाही. थंडी दोन्हीकडे आहे. "सगळं सगळीकडे असतं, पण परिस्थिती निवड करते", हे बास बेकिंग यांचं १९३४ चं वाक्य या दोन जातींपुढे ठेवून बघावं. पहिल्याच्या बाबतीत खपून जातं, दुसऱ्याच्या बाबतीत अडखळतं.

२७ जून

गाळातल्या मोजण्या आणि पाण्यातल्या मोजण्या एकाच तक्त्यात टाकायच्या की नाही? मी नाही म्हणतोय.

समुद्रात तयार होणाऱ्या एकूण काचेपैकी सुमारे निम्मी वरच्या शंभर-दोनशे मीटरमध्येच विरघळते. गाळात कायमची उरते ती काही टक्केच. आणि उरणं जातीवर अवलंबून: पातळ कवचाचे गायब, जाड कवचाचे शाबूत. कर्गुलेन्सिसचं राज्य स्लाइडवर दिसतं त्याहून पाण्यात कमी असतं.

शिवाय गाळातलं कवच तिथेच वर जगत होतं याची खात्री नाही. अर्जेंटिना खोऱ्याच्या तळाशी अंटार्क्टिक डायटमची कवचं सापडतात, जिथे वरच्या पाण्यात त्यांचं नामोनिशाण नाही. ती वरून पडलेली नाहीत. अंटार्क्टिकचं तळाचं पाणी उत्तरेला सरकताना ती बारीक गाळाबरोबर घेऊन आलं. १९७० च्या दशकात संशोधकांनी याचाच उपयोग करून तळाच्या पाण्याचा मार्ग आखला. म्हणजे एकाच जलराशीशी डायटमचं नातं दोन तऱ्हांचं: वर असताना ती त्यांना पोसते, खाली गेल्यावर त्यांची मेलेली कवचं वाहून नेते. दोन्ही एका स्तंभात मिसळले तर कोणता सहसंबंध कशाचा, हे सांगता येणार नाही.

ठरलं: गाळ वेगळ्या तक्त्यात, आणि ४००० मीटरपेक्षा खोल नमुन्यांना खूण. सहकारी म्हणतो निम्मा डेटा बाजूला गेला. जाऊ दे.

२ जुलै

लोहाचा प्रश्न टाळत होतो, कारण वर्ल्ड ओशन अ‍ॅटलसमध्ये लोह नाही. पण पॅसिफिकचा उत्तर कोपरा त्याशिवाय समजत नाही. तिथे सिलिकेट आहे, नायट्रेट आहे, उन्हाळ्यात उजेडही आहे, आणि तरी मोठी वाढ नाही. जॉन मार्टिन यांनी १९८८ मध्ये त्याच भागातल्या पाण्याच्या बाटल्यांत लोह घालून वाढ दाखवली तेव्हापासून हे माहीत आहे.

जलराशी आणि लोह दोन्ही एकदम बघायचे तर प्रत्यक्ष समुद्रात केलेले प्रयोग सगळ्यात स्वच्छ. २००२ च्या सोफेक्स मोहिमेत लोह दोन ठिकाणी टाकलं: एक जागा पोलर फ्रंटच्या उत्तरेला, सिलिकेट जेमतेम, दुसरी दक्षिणेला, ६६ अंशांच्या आसपास, सिलिकेट भरपूर. हिरवळ, म्हणजे पाण्यातल्या सूक्ष्म जीवांची हिरवी वाढ, दोन्हीकडे झाली. दक्षिणेत ती डायटमची होती, उत्तरेत बिनकाचेच्या जीवांचा वाटा मोठा राहिला.

त्यानंतर २००९ चं लोहाफेक्स, भारत आणि जर्मनीनं मिळून केलेलं, पोलरस्टर्न जहाजावरून, दक्षिण अटलांटिकमधल्या एका भोवऱ्यात. भोवऱ्यातलं पाणी सबअंटार्क्टिक कुळातलं, सिलिकेट दोन मायक्रोमोलच्याही आत. लोह टाकलं, थोडी वाढ झाली, पण डायटम उठलेच नाहीत. जे वाढले ते कोपेपॉडनी खाल्ले, कोपेपॉडना थेमिस्टो नावाच्या अ‍ॅम्फिपॉडनी (झिंग्यासारख्या छोट्या प्राण्यांनी). वर्तमानपत्रांनी तेव्हा "प्रयोग फसला" असं छापलं. माझ्या मते आमच्या प्रश्नाचं यापेक्षा थेट उत्तर कुठल्याच मोहिमेनं दिलेलं नाही: तापमान चालण्यासारखं, लोह हातानं घातलेलं, बी म्हणून डायटम हजर, आणि पाणी चुकीच्या कुळाचं.

लोहासाठी वेगळा आकडा न शोधता "जमिनीपासून किंवा उथळ पठारापासून प्रवाहाच्या दिशेनं अंतर" असा स्तंभ घालतोय. कर्गेलेन पठाराच्या पूर्वेला दरवर्षी उठणारी हिरवळ या स्तंभानं तरी पकडली पाहिजे.

८ जुलै

पडताळणीची पद्धत बदलली. नमुने सरमिसळ करून दहा भागांत वाटले की मॉडेल फारच हुशार वाटतं, कारण शेजारचा नमुना शिकवायला आणि त्याचाच शेजारी परीक्षेला. त्याऐवजी एक पूर्ण महासागर बाहेर ठेवायचा, उरलेल्यांवर शिकवायचं आणि बाहेरच्यावर परीक्षा घ्यायची.

तापमानावर उभं केलेलं मॉडेल या परीक्षेत कुठे घसरतं ते बघण्यासारखं आहे: अटलांटिक-पॅसिफिक या जोडीवर. दक्षिण महासागरात मात्र त्याला हरवणं अवघड, कारण तिथे अक्षांश, तापमान, सिलिकेट आणि फ्रंट सगळे एका रांगेत उभे आहेत आणि कोण काम करतंय हे वेगळं काढता येत नाही. जलराशीचं नाव घातल्यावर जो फरक पडतो त्यातला बराचसा हिवाळी सिलिकेट-उणे-नायट्रेट हा एकच आकडा घालूनही मिळतो. मॅडमना हे आवडलं नाही. त्यांना जलराशी हव्या होत्या. मला हेच पटतं. नाव हे त्या आकड्याचं लेबल आहे. पण तो आकडा उत्तर अटलांटिकमध्ये लहान आणि उत्तर पॅसिफिकमध्ये मोठा का, याचं उत्तर अभिसरणात आहे: अटलांटिकचं खोल पाणी नुकतंच पृष्ठभागावरून बुडालेलं, सिलिकेट १० ते ४०, पॅसिफिकच्या उत्तर टोकाचं जगातलं सगळ्यात जुनं, १५० च्या वर.

११ जुलै

उष्ण भोवऱ्यांचे, म्हणजे महासागरातल्या अवाढव्य चक्राकार प्रवाहांचे, नमुने. थोडे आणि विचित्र. इथे हेमिऑलस आणि रायझोसोलेनिया सापडतात, पोटात रिशेलिया हा नायट्रोजन बांधणारा सायनोबॅक्टेरिया घेऊन. नायट्रेटशून्य पाण्यात नायट्रोजनची सोय घरचीच. यांच्यासाठी सिलिकेट-उणे-नायट्रेट हा आकडा उलट्या अर्थानं वाचावा लागतो. अमेझॉनचं सिलिकेटयुक्त पण नायट्रेट संपलेलं पाणी समुद्रात पसरतं तिथे हीच जोडी फोफावते. या मंडळींना वेगळा गट.

१५ जुलै

मॅडमचा आक्षेप: सिलिकेटचा आकडाच पुरत असेल तर जलराशीचं नाव ठेवायचं कशाला? आज उत्तर दिलं, एका जातीच्या जोरावर.

नियोडेंटिक्युला सेमिनी ही उत्तर पॅसिफिकची जात. उत्तर अटलांटिकमध्ये ती पूर्वी होती. गाळ सांगतो की सुमारे आठ लाख वर्षांपूर्वी तिथून नाहीशी झाली. मग १९९९ मध्ये लॅब्राडोर समुद्रात, व्यापारी जहाजांमागे ओढल्या जाणाऱ्या प्लँक्टन रेकॉर्डरच्या रेशमी पट्टीवर ती पुन्हा भरघोस सापडली. १९९८ मध्ये कॅनडाच्या आर्क्टिक बेटांमधला बर्फ नेहमीपेक्षा खूप कमी झाला होता आणि पॅसिफिकचं पाणी त्या वाटेनं अटलांटिकमध्ये आलं, असं स्पष्टीकरण दिलं गेलं. पुढच्या वर्षांत ती तिथे टिकली.

म्हणजे लॅब्राडोर समुद्रात तिला लागणारी परिस्थिती आधीपासून होती. तापमान होतं, सिलिकेट होतं. नव्हती ती वाट. सिलिकेटचा आकडा "इथे जगता येईल का" एवढंच सांगतो. "इथे पोचता येईल का" हे जलराशीच्या प्रवासावरून कळतं. कर्गुलेन्सिस आर्क्टिकमध्ये का नाही, याचंही निदान अर्धं उत्तर तिथेच असावं: तिला मधलं उष्ण पाणी ओलांडून नेणारा, उजेडात राहणारा प्रवाहच नाही. खोलातून जाणारं पाणी मेलेली कवचं तेवढी नेतं.

मॅडमनी मान हलवली आणि लगेच काम वाढवलं. नकाशात आता दोन स्तंभ: हिवाळी सिलिकेट-उणे-नायट्रेट, आणि पृष्ठभागावरच्या प्रवाहानं शेजारच्या खोऱ्यातून पाणी इथे यायला लागणारा काळ. दुसऱ्यासाठी तरंगत्या बॉयांच्या मार्गांचा खुला डेटा उतरवायला लावलाय. बेरिंग सामुद्रधुनीच्या जाळीतल्या चौकोनांत बॉयांचे मार्ग फारच कमी आहेत. तिथे नांगरलेल्या यंत्रांचे प्रवाहवेग घ्यावे लागतील, आणि ते तासातासाचे असल्यानं आधी महिन्याची सरासरी काढायची.